सोमवारचे उंदीर

“काढली! अकरा सेकंदांत काढली बग पोरी!”

पिराजीमामांचा आवाज उंदरांच्या खोलीतून थेट जिन्यापर्यंत आला. मी खाली बीएस्सीच्या मुलांचं प्रात्यक्षिक घेऊन दमून वर चढत होते. एका मुलानं बेडकाच्या जठराला हृदय असं नाव दिलं होतं आणि वर माझ्याशी वाद घातला होता. मामांचा आवाज ऐकला आणि उरलेल्या पायऱ्या मी दोन-दोन करत चढले.

मामा स्टुलावर बसले होते. डावा हात गळ्यातल्या झोळीत, उजव्या हातात स्टॉपवॉच, आणि चेहऱ्यावर जावयानं पहिल्यांदाच काहीतरी बरं केलं असावं तसा आनंद. समोरच्या काचेच्या पेटीत सव्वीस नंबरचा पांढरा उंदीर पंजावरची चिकटपट्टी सोडवून ती कुरतडत बसला होता.

“दोन मिनिटं बसायची तयारी ठेवली हुती,” मामा म्हणाले. “ह्यानं मला नीट टेकूबी दिलं न्हाई.”

मी वहीत ११ लिहिलं. घाईत ते ९९ दिसायला लागलं, म्हणून खोडून पुन्हा लिहिलं.

त्या उंदराला त्या पंजात काही कळायलाच नको होतं. सहा आठवड्यांपूर्वी सरांनी त्याच्या मानेजवळ, पंजाच्या संवेदना मज्जारज्जूत नेणाऱ्या नसांची मुळं चिमटली होती. अशा उंदराच्या पंजाला नखाएवढी चिकटपट्टी लावली, तरी तो ती घेऊन खुशाल हिंडतो, कारण ती तिथे आहे हे त्याला माहीतच नसतं. धडधाकट उंदीर मात्र लगेच दातांनी काढून टाकतो. आमची सगळी परीक्षा ती एवढीच: पट्टी लावायची, पेटीत सोडायचं, घड्याळ सुरू करायचं.

हे सगळं मिरजेतलं, वीस-बावीस वर्षांपूर्वीचं. मी, सुनेत्रा बिरनाळे, तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि डॉ. हेर्लेकरांकडे पीएचडी करत होते. दोन मजली दगडी इमारत, खाली वर्ग, वर आमची प्रयोगशाळा आणि टोकाला उंदरांची खोली. त्या खोलीत लाकडाचा भुसा, भिजवलेले हरभरे आणि फिनेल यांचा मिळून एक वास असायचा. लोक नाकाला रुमाल लावून आत यायचे. मला आज कुठे तो वास आला तर बरं वाटतं, थोडं रडूही येतं.

पिराजी आवटी त्या खोलीचे राजे, कागदोपत्री शिपाई. उंदीर कसा धरायचा हे मला सरांनी नाही, मामांनी शिकवलं. “मानंला धरू नगंस, खांद्याला धर. तुला कुनी मानंला धरलं तर आवडंल का?” पहिल्या महिन्यात मला चार उंदीर चावले, आणि चारही वेळा मामांनी आधी उंदराला काही लागलंय का ते पाहिलं.

सरांचा विषय त्यांना तोंडपाठ होता. नसेच्या मुळाला इजा झाली म्हणून नस हरत नाही. ती पुन्हा वाढायला लागते, रोज जेमतेम एक मिलिमीटर. अशी चालत चालत ती मज्जारज्जूच्या दाराशी येते आणि तिथे थांबते. दारात काही रेणू असतात, प्रथिनांना साखरेच्या लांब साखळ्या चिकटलेल्या. वाढत्या नसेचं टोक त्यांना लागलं की आखडतं, पुढे जाईनासं होतं. सरांचं औषध म्हणजे त्या साखळ्या छाटून टाकणारं एक एन्झाइम. मामा त्या रेणूंना ‘दारवाले’ म्हणत.

“सर, ह्या दारवाल्यांस्नी देवानं उभं कशापायी केलं?” त्यांनी एकदा चहा पिताना विचारलं होतं.

“आत भलतंसलतं वाढू नये म्हणून,” सर म्हणाले. “एरवी कामाचेच आहेत ते, पिराजी. फक्त घरचं कोण आणि बाहेरचं कोण, हे त्यांना ओळखता येत नाही.”

“म्हंजे आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीगतच की.”

सर चहा सांडेपर्यंत हसले होते. पण ते अपघाताच्या आधीचं.

नोव्हेंबरात उसाचा हंगाम सुरू झाला आणि अंकलीच्या पुलाअलीकडे, मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मामांची स्कूटर आदळली. ते डाव्या खांद्यावर पडले. मान एकीकडे, खांदा दुसरीकडे, अशी ओढ बसली आणि डाव्या हाताच्या नसा मणक्यातून मुळासकट निघाल्या. ज्या दुखण्याचे उंदीर ते चार वर्षं सांभाळत होते, ते दुखणं त्यांच्याच वाट्याला आलं. दोन महिन्यांनी हात झोळीत घालून कामावर आले तेव्हा म्हणाले, “आता माझाबी एक पिंजरा मांडा सर.” कुणालाच हसू आलं नाही.

हात मेला होता, पण जळत होता. तापल्या तव्यावर ठेवल्यासारखा वाटतो, म्हणत. डॉक्टरांनी तंबाखू बंद केली, तेव्हापासून खिशात गूळ-शेंगदाण्यांची पुडी असायची. तोंड चालू राहिलं की आग जरा विसरायला होते, असं त्यांचं म्हणणं होतं. सरांनी त्यांना घरी बसवलं नाही. “एका हातानं जेवढं होईल तेवढं करा,” म्हणाले. मामा त्या एका हातानं सगळंच करायचे. उंदीर टॉवेलात गुंडाळून गुडघ्यांत धरायचे आणि परीक्षाही घ्यायचे.

कामाची वाटणी सोपी होती. एन्झाइम मुंबईहून बर्फाच्या डब्यात रविवारी यायचं आणि दोन दिवसांत वापरावं लागायचं. त्यामुळे सरांनी काही उंदरांची शस्त्रक्रिया सोमवार-मंगळवारी केली, काहींची गुरुवार-शुक्रवारी. ज्याची जी तिथी, त्याच वारी दर आठवड्याला त्याची परीक्षा. सोमवार-मंगळवारी मला खाली वर्ग असायचे, म्हणून ते उंदीर मामांकडे. गुरुवार-शुक्रवारचे माझ्याकडे. कोणाला औषध आणि कोणाला नुसतं मिठाचं पाणी, याची यादी सरांच्या कपाटात, लाखेनं बंद केलेल्या पाकिटात. आज कुणी विद्यार्थी असला आराखडा घेऊन माझ्याकडे आला, तर मी त्याला दारातूनच परत पाठवते. तेव्हा आम्हा तिघांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

सव्वीस नंबरनं अकरा सेकंदांत पट्टी काढली, त्याच आठवड्याच्या शेवटी सरांनी पाकीट फोडलं. चष्मा कपाळावर सरकवून यादी दोनदा वाचली.

“सोमवार-मंगळवारचे सोळाही औषधाचे,” ते म्हणाले. “सुनेत्रा, तुझे सोळा पाण्याचे.”

औषधाच्या सोळांपैकी तेरांनी पट्टी काढली होती. माझ्या सोळांपैकी एकानं. सर उठले आणि त्यांनी स्वतः चहा केला. त्यात साखर घालायला विसरले. आम्ही तो अमृत असल्यासारखा प्यायलो.

“पिराजी, चार-पाच वर्षांत हे माणसांवर येईल बघा,” सर म्हणाले. मग थोडं थांबून, “अर्थात तुमचं वेगळं आहे. उंदरांची मुळं चिमटली आहेत, तुमची उपटलीयत.”

मामांनी पहिलं वाक्य ऐकलं, दुसरं ऐकलंच नाही. आणि खरं सांगायचं तर आम्हीही ते फार मोठ्यानं म्हटलं नव्हतं.

मामांना मुंबईच्या एका शल्यविशारदानं शस्त्रक्रिया सांगितली होती. बरगड्यांमधल्या नसा काढून दंडाच्या नसेला जोडायच्या, म्हणजे निदान कोपरात हात वाकेल. पण ते नऊ महिन्यांच्या आत व्हायला हवं. पुढे स्नायूच सुकून जातो, मग नस आली तरी ती कोणाला हलवणार? एकवीस जुलैला दाखल व्हायचं ठरलं होतं.

“जाऊ का नगो, इचार करतोय,” त्या दिवशी पिंजरे धुताना मामा मला म्हणाले.

“अहो, विचार कसला?”

“बरगडीची नस हाताला जोडायची म्हंजे हातातली जुनी नस कापायची. उद्या सरांचं औषद आलं तर मग ते द्यायचं कुनाला? त्या जुन्या नशीची जागा तर गेली.”

“मामा, ते चार-पाच वर्षांनी. आणि सर काय म्हणाले, तुमचं वेगळं—”

“थांबू की. उंदरं थांबली, मीबी थांबतो.”

मी पुढचा पिंजरा धुवायला घेतला. मीही हवेतच होते. स्कॉटलंडमधल्या एका प्रयोगशाळेचं पत्र आठवड्यापूर्वी आलं होतं. निकाल छापून आले की दोन वर्षांसाठी या, असं त्यात लिहिलं होतं. ते पत्र मी पर्समध्ये घेऊन हिंडायचे, आणि बसमध्येसुद्धा काढून वाचायचे.

पुढच्या सोमवारी बेंदूर होता. मामांच्या गावच्या घरी एक बैलजोडी होती, तिला ओवाळायला ते गावी गेले. कॉलेजही बंद होतं. सोमवारचे आठ उंदीर तसे राहू नयेत म्हणून मी घेतले. पट्ट्या कात्रीनं कापून ताटलीत मांडल्या. सव्वीस नंबरला पहिला घेतला, लाडका म्हणून.

दोन मिनिटं झाली. सव्वीस नंबर पेटीभर हिंडला, मिशा पुसल्या, कोपऱ्यात बसला. पट्टी पंजावर तशीच. मला वाटलं माझ्या हाताला तो बुजला असेल. दुसरा घेतला, तिसरा घेतला. आठांपैकी एकानंही पट्टीकडे पाहिलं नाही.

मंगळवारी मी वर्ग एका मैत्रिणीच्या गळ्यात मारला आणि मामांच्या आधी येऊन उंदरांच्या खोलीत बसले. मामा आले, कपाळाला बेंदराचा गुलाल अजून होता.

“काल सोमवारचे मी घेतले,” मी म्हणाले. “एकानंही काढली नाही.”

“तू बुजवलं असशील त्यांस्नी. थांब, माझ्या हातानं बग.” त्यांनी शेंगदाणे-गुळाचा बकाणा भरला, सव्वीस नंबरला टॉवेलात घेऊन गुडघ्यांत धरलं. मग चिकटपट्टीचं रीळ उचलून दातांत धरलं, उजव्या हातानं ओढलं आणि तुकडा तोडला. तो तुकडा ओठांत धरून उंदराचा पंजा मोकळा केला, ओठांतला तुकडा काढून पंजावर दाबला आणि उंदराला पेटीत सोडलं.

उंदरानं नाक वर केलं. मग खाली वळवलं, पंजापाशी नेलं आणि पट्टी चाटायला लागला. चाटता चाटता ओढली.

“चौदा,” मामा म्हणाले. “बगितलंस? मानसाची वळख असती.”

ते हात धुवायला गेले तेव्हा मी ती पट्टी उचलून नाकाशी नेली. गुळाचा वास येत होता.

एका हाताच्या माणसाला कात्री कशी चालवता येणार? एवढी साधी गोष्ट. कात्रीनं पट्टी कापायला दोन हात लागतात, हे सहा आठवड्यांत माझ्या एकदाही डोक्यात आलं नाही.

तरी मी स्वतःशी म्हटलं, खात्री करून घेऊ. गुरुवारी मामा भुसा आणायला गेले तेव्हा मी तोंडात गूळ घेतला आणि माझ्या पाण्याच्या उंदरांच्या पट्ट्या दातांनी तोडल्या. त्या आठ उंदरांच्या पंजात काडीची संवेदना नव्हती. सातांनी पट्टी काढली. त्या सातांत सर्वांत आळशी जो होता त्यानंसुद्धा वीस सेकंदांत. मी तोंड खळखळून धुतलं, दोनदा, आणि वहीत काहीच लिहिलं नाही.

सर एका परीक्षेसाठी धारवाडला गेले होते. ते आले की सांगू, असं मी ठरवलं. ते शुक्रवारी आले. शुक्रवारी त्यांचं डोकं दुखत होतं. शनिवारी पाहुणे होते. रविवारी कसं जायचं कोणाच्या घरी? मी स्वतःला एकेक कारण देत होते आणि प्रत्येक कारण मला पटत होतं. पर्समध्ये पत्र होतंच. आणि मामांना काय सांगायचं? की तुमच्या उंदरांना काहीच कळत नव्हतं, ते तुमच्या तोंडातला गूळ खात होते? आणि एकवीस तारखेचं म्हणाल तर मी मनाशी म्हणत होते, घरी त्यांच्या बायको, इंदूमामी आहेत, त्या त्यांना ढकलून पाठवतीलच.

बुधवारी दुपारी इंदूमामी प्रयोगशाळेच्या दारात आल्या. मामांचा डबा घेऊन त्या कधी कधी यायच्या, पण सरळ उंदरांच्या खोलीकडे जायच्या. त्या दिवशी माझ्या टेबलापाशी आल्या.

“सुनेत्राताई, तुमी तरी त्यांस्नी सांगा.”

“काय झालं मामी? मुंबईला जायचं नाही म्हणतात?”

“खाट सोडून दिली की त्यांनी! शनवारी बूथवरनं फोन लावला नि सांगितलं, माझा नंबर दुसऱ्याला द्या. आता म्हनं नोव्हेंबराशिवाय जागा न्हाई. वरीस हुतंय तवा.” त्यांनी पदर डोळ्यांना लावला नाही, डबा टेबलावर जोरात ठेवला. “मला म्हंत्यात, माझ्या उंदरांनी अकरा सेकंदांत काढली, मी कशाला कापून घिऊ? मी काय बोलनार? मला त्यातलं कळतंय का? तुमाला कळतंय.”

मी उठले आणि डबा तिथेच ठेवून उंदरांच्या खोलीत गेले. मामी मागे आल्या नाहीत, बाकावर बसून राहिल्या.

मामा हरभरे निवडत होते.

“मामा, सोमवारचे उंदीर काढा.”

“आज बुधवार हाय गं.”

“काढा. आज पट्टी मी कापते, कात्रीनं. तुम्ही फक्त घड्याळ धरा.”

त्यांनी पिंजरा काढला आणि घड्याळ हातात घेतलं. मी सव्वीस नंबरला पट्टी लावून पेटीत सोडलं. दोन मिनिटं किती लांब असतात ते मला त्या दिवशी कळलं. मामा पेटीजवळ वाकले. “अरं, काढ की,” हळूच म्हणाले. “काढ लेकरा.” उंदीर हिंडत राहिला. दुसरा हिंडला. तिसरा पट्टीवरच मान टेकून झोपला.

“आता बघा,” मी म्हणाले. टेबलावर त्यांचीच पुडी होती. त्यातला गुळाचा खडा मी पट्टीला चोळला आणि ती एका पाण्याच्या उंदराला लावली. त्यानं नऊ सेकंदांत काढली.

मामांनी घड्याळ थांबवलं नाही. ते हातात टिकटिकत राहिलं.

“माझ्या दातानं,” ते शेवटी म्हणाले.

“तुमची चूक नाही मामा. आमच्या लक्षात यायला—”

“म्हंजे ह्यास्नी काईच कळत नव्हतं.”

“नाही.”

“दारवाले तितंच हायती.”

“आहेत.”

मामांनी सव्वीस नंबरला उचललं, त्याच्या पंजावरची पट्टी अगदी हलक्या हातानं सोडवली आणि त्याला पिंजऱ्यात ठेवलं. मग माझ्याकडे वळले.

“तुला कदी कळलं?”

“गेल्या मंगळवारी.”

त्यांनी उजव्या हाताची बोटं अंगठ्यानं मोजायला सुरुवात केली. बोटं संपली, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून मोजली.

“आठ दिस.”

“मला खात्री करायची होती.”

“मग खात्री कदी झाली?”

मला खोटं बोलता आलं असतं. “गुरुवारी,” मी म्हणाले.

“मी फोन शनवारी केला.”

बाहेर बाकावर मामींच्या बांगड्या वाजल्या. मामांनी हरभऱ्याचं सूप उचललं, परत खाली ठेवलं.

“त्या दारवाल्यांस्नी तरी तोंड न्हाई, म्याडम,” ते म्हणाले.

तीन वर्षं मी त्यांची ‘पोरी’ होते. त्या दिवसापासून ‘म्याडम’ झाले, आणि ‘तुमी’.

मी त्याच पावली सरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं, दिवसांच्या हिशेबासकट. सर रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी आधी मुंबईला फोन लावला. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, त्यानंतरही. खूप खटपटीनंतर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात जागा मिळाली. मग पाकीट फोडल्यावर घाईघाईनं छापायला पाठवलेला छोटा लेख त्यांनी परत मागवला. स्कॉटलंडला मी स्वतः पत्र लिहिलं. ‘सध्या जागा देता येत नाही’ असं दोन ओळींचं सभ्य उत्तर आलं. शरदात मी उंदरांच्या मज्जारज्जूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. नसांची टोकं दारापाशी दाटीवाटीनं येऊन थांबली होती. औषधाच्या उंदरांत तीन-चार धागे तेवढे आत शिरले होते, पंजापर्यंतची बातमी पोचवायला फारच थोडे.

मामा मुंबईहून परत आले ते निवृत्तीचा अर्ज घेऊनच. मी समोर असताना त्यांनी तो सरांना दिला, मला नमस्कार केला आणि गेले. त्यांच्या जागी आलेला माणूस उंदरांना मानेला धरायचा. मी त्याला सांगायचे, खांद्याला धरा.

माझी तोंडी परीक्षा दोन वर्षांनी झाली. प्रबंधाचा अर्धा भाग औषधाबद्दल होता आणि अर्धा पट्टी कोणी, कशी लावली याबद्दल. बाहेरून आलेले परीक्षक दुसऱ्या भागावरच जास्त वेळ बोलत बसले. संपवून बाहेर आले तर व्हरांड्यात पिराजीमामा उभे. इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी, आणि गळ्यात झोळी नाही. डावा हात बाजूला लोंबत होता.

“डॉक्टर झाला म्हनं म्याडम.”

“मामा! बसा ना. चहा—”

“बसाय न्हाई आलो. सरांनी बोलावलं, दाखवून जा म्हनले, म्हनून आलो.” चेहरा दगडासारखा. माझ्याकडे न पाहता त्यांनी पाय रोवले आणि छाती भरून श्वास घेतला.

डावा हात हलला. कोपरात वाकला आणि हळूहळू, कोणीतरी आतून दोरी ओढावी तसा वर यायला लागला. सदऱ्याच्या दुसऱ्या बटणापाशी आला आणि थांबला. मामांनी श्वास सोडला, हात खाली गेला.

“बरगडीची नस न्हवं का ती,” ते व्हरांड्याच्या कठड्याला सांगत होते. “तिला अजून वाटतंय आपन श्वासाचंच काम करतोय. श्वास घेतला की हात येतो.”

माझे डोळे भरले. आणि विचारू नये ते मी विचारलं.

“तोंडापर्यंत जातो?”

“न्हाई. तितका न्हाई जायचा.” मामा थांबले. “उशिरा गेलो.”

कोणामुळे, ते त्यांनी म्हटलं नाही. मी तोंड उघडलं, पण त्यांनी उजवा हात आडवा केला. “त्ये ऱ्हाऊ द्या.” आत कपबशा वाजत होत्या. मामांनी घसा खाकरला, तसा डावा हात जरासा उडाला, आणि त्यांनी तो चोरून मागे घेतला.

“लई वंगाळ खोड हाय ह्येची,” ते तसेच गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, नुसतं बोलायचं म्हणून. “परवा पुतन्याचं लगीन हुतं. ऐन अक्षतांच्या टायमाला मला शिंक आली. शिंकेसंगं ह्यो गेला वर. फोटोवाला वरडला, आजोबा, झकास आशीर्वाद दिला, पर फोटो हुकला, आता परत एकदा द्या! आता शिंक काय मी मागवून आनू?”

मला हसू फुटलं. रडता रडता फुटलं, त्यामुळे मोठ्यानं फुटलं, आतून सरांनी डोकावून पाहिलं. मामांनी ओठ घट्ट मिटले. माझ्यापुढे हसायचं नाही असं ते घरून ठरवून आले असावेत. पण गालफडं हलायला लागली, खांदे हलले, आणि हसू बाहेर पडायच्या आधी डावा हात वर आला.

त्यांनी उजव्या हातानं तो खाली दाबला. हसू थांबेना, म्हणून तो पुन्हा वर आला.

“बगा म्याडम, ऐकत न्हाई,” ते म्हणाले, आणि मग सरळ हसायलाच लागले.

हात तीन वेळा खाली गेला आणि तीन वेळा वर आला. तिन्ही वेळा दुसऱ्या बटणाशी थांबला. तिथून तोंड एक वीत लांब होतं. मी हसत होते आणि त्या वितीकडे बघत होते.